पांझरेच्या वाळूतला परदेश

ओवी, निहार, मागच्या खेपेला तुम्ही विचारलंत, आजी, तू पहिल्यांदा परदेश कधी पाहिलास? मी विमानाचं तिकीट, तुमच्या बाबाचं तिकडचं पहिलं घर असं काहीबाही सांगून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की उत्तर चुकलं. मी परदेश पहिल्यांदा पाहिला तो धुळ्यात, देवपुरातल्या आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, पांझरेच्या कोरड्या पात्रात. त्या देशाच्या हद्दीवर बांबूचा एक अडसर होता, डांबराची चार रिकामी पिंपं होती, आणि तिथले लोक अहिराणी बोलत. मी तेव्हा मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी बसले होते.

आमच्या घरात माणसं पाच आणि भाषा तीन. नाना, म्हणजे माझे वडील, हायस्कुलात इंग्रजी शिकवत. सकाळी अंघोळ झाली की ते अंगणात येरझारा घालत मोठ्याने इंग्रजी वाचत, स्तोत्र म्हटल्यासारखं. आई शुद्ध मराठी बोलायची, कारण ती नाशिककडची आणि त्याचा तिला थोडा अभिमान. आणि अक्का, नानांची थोरली विधवा बहीण, पाचोऱ्याकडच्या खेड्यातून आमच्याकडे येऊन वीस वर्षं झाली तरी अहिराणीच बोलायची. नानांचं इंग्रजी अंगणात चाललेलं असताना आत अक्काच्या हाताची भाकरीवरची थाप ऐकू यायची. कळण्याची भाकरी, उडीद-ज्वारीची, जाड आणि खमंग. तिच्यासोबत लोखंडी तव्यावर रगडलेल्या मिरच्यांचा ठेचा. उन्हाळ्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, ज्वारीचे पापडासारखे बिबडे वाळत घातलेले असत आणि ते सुकताना एकेक करून टाळी वाजल्यासारखे वर उचलले जात. तो आवाज मला अजून आठवतो. इथे आता सोसायटीच्या गच्चीवर काही वाळत घालायला परवानगी लागते.

माझा थोरला भाऊ मधुकर, ज्याला मी नुसतं भाऊच म्हणायची, त्याला अक्काने वाढवलं होतं. तो तान्हा असताना आई वर्षभर अंथरुणाला खिळलेली होती. अक्काला मूलबाळ नव्हतं. त्यामुळे भाऊ कुणाचा, हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारत नसे. तो फौजेत गेला तेव्हा अक्का आठ दिवस बोलली नाही. नववा दिवस उजाडला तशी तिने नानांपुढे तोडगा ठेवला, की वरणगावला दारूगोळ्याचा कारखाना आहे, तिथे त्याला चिकटवा. गोळ्याच करायच्या ना, कर म्हणावं, पण तिकडे भुसावळजवळ, भाकरीच्या अंतरावर राहा म्हणावं.

अक्काचा एक नियम तुम्हाला आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. थोरल्यांच्या पाया पडायचं ते दोन्ही हातांनी. एका हाताने पाया पडणं म्हणजे शेजाऱ्याकडून विस्तव मागणं, असं ती म्हणे. हातात पाटी असो, पिशवी असो, खाली ठेवायची, मग वाकायचं. भाऊ लहानपणी एकदा आंबा खात खात एका हाताने वाकला, तर तिने पाय मागे घेतला होता आणि तो तोंडावर पडला होता. (ओवी, तू एका हातात फोन धरून वाकतेस. मी पाय मागे घेत नाही, पण अक्का आठवते.)

त्या उन्हाळ्यात भाऊच्या तुकडीला समुद्रापलीकडे जाण्याचा हुकूम आला. अरबी मुलखात दोन शेजाऱ्यांमधल्या वाळवंटाच्या पट्ट्यात शांतिसेना बसली होती, तिथे आपल्याकडच्या पलटणी पाळीपाळीने जात. लढायचं नव्हतं, मध्ये उभं राहायचं होतं. त्यांच्या कॅप्टनसाहेबांचं म्हणणं असं, की लढणं या मुलांना येतं. उभं राहणं शिकवावं लागेल. कॅप्टनसाहेब केरळचे, उंच, सावळे, शांत. त्यांनी आपल्या माणसांना विचारलं की अशी जागा सांगा जिथे वाळू आहे, ऊन आहे, आणि तुमच्यापैकी कुणालाही समजणार नाही अशी भाषा लोक बोलतात. तुकडीत गढवाली होते, राजस्थानी होते, तमिळ होते. खानदेशातला एकटा भाऊ. तो घुटमळत म्हणाला, सर, आमच्या गावची नदी आहे.

अशी ती माणसं तंबू घेऊन पांझरेवर आली आणि वाळूत त्यांनी एक खोटा नाका उभारला. कॅप्टनसाहेब पहिल्याच दिवशी घरी येऊन नानांना भेटले. दोघं इंग्रजीत बोलले आणि नानांची छाती इतकी फुगली की आईने मागून त्यांचा सदरा ओढला. ठरलं असं, की नानांनी जवानांना नाक्यावर लागणारं पन्नास-साठ वाक्यांचं इंग्रजी शिकवायचं. आणि गावातल्या वीसेक माणसांनी रोज तासभर त्या देशाचे रहिवासी व्हायचं. कुणी भाजीवाला, कुणी आजारी माणूस, कुणी भांडखोर. त्यांनी अहिराणीतच बोलायचं. शिपायांनी सूर ऐकून, हात पाहून, माणूस ओळखायचा. भाऊला तेवढी सक्त ताकीद होती, की तुला ही भाषा येत नाही.

कामाची यादी करणं हा माझा जन्माचा रोग, तो तिथे उपयोगी पडला. मी पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांना क्रमांक दिले आणि प्रत्येकावर सुवाच्य अक्षरात एकेकाचं सोंग लिहिलं. चार नंबर : तुमची बकरी आजारी आहे, तुम्हाला थांबायला वेळ नाही. अकरा नंबर : तुम्ही कापडाचे व्यापारी आहात, प्रत्येक गाठोडं उघडायला नकार द्या. अकरा नंबर आमच्या गल्लीतल्या इब्राहिम टेलरांना मिळाला आणि ते त्यात इतके रमले की एका गढवाली जवानाशी पाऊण तास भांडून संध्याकाळी त्यालाच चहा पाजायला घेऊन गेले. इब्राहिमभाईंनीच सगळ्यांच्या टोप्यांवर निळी खोळ शिवून दिली, कारण शांतिसेनेच्या खऱ्या निळ्या टोप्या पुढे मिळायच्या होत्या. घामाने त्या कापडाचा रंग सुटे. महिनाभर आख्ख्या तुकडीची कपाळं निळी दिसत. देवपुरातली पोरं त्यांना कृष्णाची पलटण म्हणत.

कॅप्टनसाहेबांचे नियम थोडे होते आणि ते रोज म्हणवून घेत. बंदूक खांद्यावरून उतरायची नाही. कुणाच्या हातचं खायचं-प्यायचं नाही. बाईच्या सामानाला हात लावायचा नाही, तिलाच उघडायला सांगायचं. आवाज चढवायचा नाही. आणि आधी हात पाहायचे, मग चेहरा. शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाची परीक्षा होणार होती. रहिवाशांपैकी एकाच्या सामानात लाकडी सुरी दडवलेली असे. ज्याच्याकडून ती निसटेल किंवा जो नियम मोडेल, त्याचं नाव जाणाऱ्यांच्या यादीतून कमी. भाऊचा जीव त्या यादीत अडकला होता. त्याला जग पाहायचं होतं. शिवाय त्याच्या हिशेबाने शिपाई म्हणून कुणी त्याला पहिल्यांदाच अवघड काम देत होतं.

रविवारी तो घरी यायचा आणि बलवंत नावाच्या गढवाली मित्राला आणायचा. हाच तो इब्राहिमभाईंशी भांडलेला. पहिल्याच रविवारी त्याने ठेचा भाजीसारखा वाढून घेतला, आणि मग डोळ्यांतून पाणी वाहत असताना "बहुत अच्छा है, बुआजी" म्हणत राहिला. अक्का हसून हसून भिंतीला टेकली. एरवी ती या सगळ्या प्रकाराकडे पाठ फिरवून असायची. आई, इतकंच काय शेजारच्या दोघी नाक्यावर जाऊन आल्या, पण अक्काने मी नटवी नाही म्हणून सांगितलं होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली. मी पुठ्ठे लावत होते. म्हणाली, "माले बी एक कागद दे." मला इतका आनंद झाला की मी तिला चांगला कागद शोधून दिला. सतरा नंबर : तुम्ही म्हाताऱ्या आहात, हरवलेल्या मुलाला शोधता आहात. तिला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं. मग तिने सहज विचारलं, आपला मधू कोणत्या वेळेला उभा राहतो. ते कुणालाही सांगायचं नव्हतं. पाळ्यांचा तक्ता माझ्याकडे होता तो याच भरवशावर. मी सांगितलं, उद्या चौथा. बाकी सगळ्या बाबतीत मी व्यवस्थित मुलगी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच वाळू तापली होती. आम्ही बघे काठावरच्या बाभळीखाली. भाऊ चौथा उभा राहिला, ताठ, कपाळ निळं. पलीकडून अक्का आली. डोक्यावरून पदर, काखेत गाठोडं. मला वाटलं ती आता मुलाला शोधायचा आकांत करील. पण ती नुसती अडसरापाशी येऊन उभी राहिली आणि लुगड्याखालून उजवं पाऊल वीतभर पुढे केलं, घरी कुणी गावाहून आलं की करायची तसं.

भाऊने खांद्यावरची बंदूक उतरवली, पिंपाला टेकवली आणि दोन्ही हातांनी तिच्या पाया पडला.

तो वर येईपर्यंत बंदूक अक्काच्या हातात होती. तिने ती मुसळासारखी उभी धरली होती. कुणीतरी हसलं, मग कुणीच हसलं नाही. अक्का भाऊकडे न बघता सरळ कॅप्टनसाहेबांकडे वळली आणि म्हणाली, "हाऊ पोऱ्या तुमना कामना नही शे. घर धाडी द्या."

हा पोरगा तुमच्या कामाचा नाही, घरी पाठवा. नानांनी याचं इंग्रजी केलं नाही, आणि कॅप्टनसाहेबांना ते लागलंही नाही. त्यांनी पुढे येऊन बंदूक तिच्याकडून काढून घेतली, तिला नमस्कार केला आणि वहीत एक रेघ मारली. भाऊ तिथेच उभा होता, पायाशी वाळूत त्याच्या गुडघ्यांचे दोन खळगे.

घरी कुणी कुणावर ओरडलं नाही. नाना दोन दिवस अंगणात इंग्रजी वाचत नव्हते, त्यावरून घराची अवस्था समजून घ्या. अक्का मात्र हलकी झाली होती. तिने मांडे करायला घेतले, खापर तापवलं, हातावर पुरणाचा मांडा फिरवताना काहीतरी गुणगुणली. मला तिचा राग यायला हवा होता, पण मला माझीच लाज वाटत होती. शेवटी मी वहीतलं पान फाडून कॅप्टनसाहेबांना इंग्रजीत पत्र लिहिलं, की वेळ मी फोडली, शिक्षा भाऊला नको. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं इंग्रजी पत्र, जे कुणी तपासून गुण देणार नव्हतं. कॅप्टनसाहेबांनी मला नाक्यावर बोलावून घेतलं. ते म्हणाले की तिथेही कुणाची तरी बहीण वेळ सांगणारच आहे, त्यामुळे निकाल खोटा म्हणता येत नाही. मग म्हणाले, पण एक संधी देता येईल. एकाच अटीवर. तपासणीला पुन्हा तीच बाई आली पाहिजे, आणि या वेळी दिवस कुणालाच माहीत नसेल.

मी घरी येऊन अक्काला सांगितलं. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिला काय गरज? तिचं काम झालं होतं.

रविवारी भाऊ आला, बलवंतला घेऊनच. बलवंत त्या दिवशी फार खुशीत होता. त्याची प्रकृती मध्ये बिघडली होती म्हणून त्याला राखीव ठेवलं होतं, आणि आता भाऊच्या जागी त्याचं नाव लागलं होतं. मित्राच्या घरी येऊन हे सांगायचं कसं, हेही त्याला समजत नव्हतं, इतका तो सरळ. जेवायला बसण्याआधी त्याने खिशातून फोटो काढून अक्काच्या हातात दिला. त्याची मुलगी, चार महिन्यांची, त्याने अजून पाहिली नव्हती. अक्का फोटो लांब धरून, जवळ धरून बराच वेळ पाहत राहिली. तिने त्याला विचारलं, घरी आणखी कोण. तो म्हणाला, आई आहे, बस.

जेवून तो हात धुवायला परसात गेला तेव्हा भाऊ पहिल्यांदा त्या विषयावर बोलला. रागाने नाही. ताटातल्या कण्या बोटाने गोळा करत म्हणाला, "अक्का, कुणीतरी जाणारच आहे. मी नाही गेलो तरी ती जागा रिकामी राहत नाही."

जाताना भाऊ नेहमीसारखा दोन्ही हातांनी तिच्या पाया पडला, त्याच्यामागे बलवंतही पडला, आणि ती दोघांच्याही पाठीवर हात ठेवायला विसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी परवचा म्हणावा तशा सुरात तिने मला चुलीपासून विचारलं, "मना कागद कोठे शे?"

त्या आठवड्यात ती रोज नाक्यावर गेली. कॅप्टनसाहेब कधी तिला पाठवत, कधी परत फिरवत. भाऊ अडसरावर असे आणि समोरून इब्राहिमभाई येत, नाहीतर बकरीवाला येई. मला दिवस माहीत नव्हता आणि मी विचारलाही नाही. गुरुवारी अक्का आली. खरं सांगते, नंतर मी मुंबईत पुष्कळ नाटकं पाहिली, पण तसं काम मी पाहिलं नाही. ती लंगडत आली. अडसराजवळ येऊन तिने पाऊल पुढे केलं. भाऊ वाकला नाही. त्याचा डावा हात बंदुकीच्या पट्ट्यावर होता, उजवा तळवा समोर. मग ती रडली. मग तिने शिव्या दिल्या, आमच्या नानांच्या सात पिढ्यांना, म्हणजे स्वतःच्याही. लहानपणी तो अंथरूण ओलं करायचा ते सगळ्या पलटणीसमोर सांगितलं. त्यांना ते समजलं नाही, आम्हा काठावरच्यांना समजलं, आणि आई हसू दाबायला पदर तोंडात कोंबून बसली. भाऊच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण त्याला ती भाषा येत नव्हती. शेवटी ती वाळूवर मटकन बसली आणि पाणी मागितलं. त्याने मागे खूण करून दुसऱ्याला पाणी आणायला सांगितलं, स्वतः जागा सोडली नाही. आणि नानांनी शिकवलेल्या इंग्रजीत, अगदी हळू आवाजात, म्हणाला की आईसाहेब, कृपा करून हात दाखवा, आता गाठोडं उघडा.

गाठोड्यात भाकऱ्या होत्या, फडक्यात बांधलेल्या. वास आमच्यापर्यंत आला. तिने एक मोडून त्याच्यापुढे धरली. त्याने मान हलवली आणि बोटाने दाखवलं, खालची. मग तिच्या खालची. अक्का एकेक भाकरी उचलून बाजूला ठेवत गेली. शेवटच्या दोन भाकऱ्यांच्या मध्ये लाकडी सुरी निघाली. ती तिने स्वतःच लपवली होती.

अक्का उठली, लुगड्याची वाळू झटकली, लंगडणं विसरून चालत कॅप्टनसाहेबांपाशी गेली.

"आते जाऊ द्या त्याले," ती म्हणाली.

तुकडी धुळ्याच्या स्टेशनातून गेली. अक्का आली नाही. तिने डबा दिला आणि त्यात पाच माणसांच्या भाकऱ्या होत्या. बलवंतचं नाव पुन्हा राखीव यादीत गेलं आणि तो रजा घेऊन मुलीला बघायला डोंगरात गेला. भाऊची पत्रं यायची, ती मी अक्काला वाचून दाखवायची. तो लिहायचा की इथे वाळू आपल्यापेक्षा पांढरी आहे, आणि नाक्यावर एक म्हातारी रोज टोपलीतून संत्री नेते. रोज तीच म्हातारी, रोज तीच टोपली. ती रोज मला संत्रं देते आणि मी रोज तिला टोपली रिकामी करायला लावतो. ती काहीतरी बोलते. सुरावरून वाटतं, माझ्या सात पिढ्यांना. एवढं ऐकलं की अक्का म्हणायची, परत वाच.

दीड वर्षाने तो आला. उतरायचा दिवस ठाऊक होता, वेळ नव्हती. अक्का सकाळपासून ओट्यावर. दुपारी गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबला, भाऊ उतरला, काळा पडलेला, हाडं दिसत होती, खांद्यावर ट्रंक. आई धावत पुढे गेली. नानांना काय करावं सुचेना म्हणून त्यांनी चष्मा पुसायला काढला. भाऊ ओट्यापाशी आला आणि पायरीच्या अलीकडे थबकला. क्षणभरच. त्याची नजर अक्काच्या चेहऱ्याकडे न जाता तिच्या हातांकडे गेली होती. त्याचं त्यालाही कळलं नसावं. मला दिसलं, आणि अक्कालाही दिसलं.

तिने दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. पिठाने पांढरे, उघडे.

"देखी ले," ती म्हणाली. "काहीच नही शे."

मग भाऊने ट्रंक खाली ठेवली आणि वाकला.